ढोरं बसली की तू बस

किती वाजले ते मला विचारू नका, मला ते येत नाही. भिंतीवरच्या घड्याळाला येतं, मोबाईलला येतं, आमच्या धोंडाबाईंना तर नुसतं सावलीकडे बघून येतं. मला एवढंच सांगता येतं की अजून किती उरलेत. मी टायमर आहे. पांढरा, तळहाताएवढा, पाठीला लोहचुंबक, पोटात एक पेन्सिल सेल आणि तोंडाखाली तीन बटणं. तुम्ही आकडा द्यायचा, मी तो एकेक सेकंदानं खाली उतरवायचा आणि शून्यावर आलो की असं कोकलायचं की शेजारच्या घरातला माणूसही दचकावा.

एवढ्याशा विद्येवर मी काय मिजास केली म्हणून सांगू! वेळ म्हणजे आपल्या घरची मोलकरीण, आपण बटण दाबलं की ती हजर, असं मला वाटायचं. ही मिजास उतरली ती विंझर गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, सात घरांच्या धनगरवाडीत. ती कशी उतरली तेच सांगतो.

माझ्या जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुठल्याशा कारखान्यात दोनशे भावंडांबरोबर एकाच खोक्यात पडलो होतो. आमच्यातला कोण कुठं गेला ते एकमेकांना माहीत नाही. मला भोरच्या श्रावणीनं मोबाईलवरून मागवलं. घरात ती, तिची आई मालिनीबाई आणि मी चिकटायचो तो फ्रीज. मालिनीबाई गणिताच्या शिक्षिका. रोज स्कूटीवरून विंझरकडच्या एका शाळेत शिकवायला जायच्या. श्रावणी पुण्यातल्या कंपनीचं काम घरात बसून करायची.

श्रावणीनं कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं की पंचवीस मिनिटं काम करायचं, पाच मिनिटं उठायचं, मग पुन्हा पंचवीस मिनिटं. मला ते ऐकूनच गुदगुल्या झाल्या. पहिला आठवडा आमचा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात ती पंचवीस मिनिटं लावायची आणि त्या पंचवीस मिनिटांत वेळ कसा वाचवावा याचे आणखी व्हिडिओ बघायची. वेळापत्रकं मात्र अशी सुरेख करायची की बघत राहावं! हिरवा रंग अभ्यासाला, निळा कामाला, पिवळा विश्रांतीला. इतकी देखणी की ती पाळून खराब कशाला करा, असं तिला वाटत असावं.

पुढे तिनं मला सोडलं आणि मालिनीबाईंनी अंडी उकडायला घेतलं. आठ मिनिटं अंड्यांना, बारा मिनिटं बटाट्यांना. मी मनातल्या मनात जळत होतो. म्हटलं, एवढी आपली हुशारी आणि ती बटाट्यांच्या कामी यावी!

दिवाळी झाली आणि एक दिवस मालिनीबाई शाळेतून आल्या त्या चप्पलसुद्धा न काढता बोलू लागल्या.

"श्रावणी, आज एक बाई आली होती शाळेत. रत्ना नाव. वरच्या धनगरवाडीची. आठ वर्षांपूर्वी दहावीला गणितात गेली, बाकी सगळे विषय निघालेत. आता म्हणते, बाई, मला गणित काढायचंय."

"आठ वर्षांनी? कशाला गं?"

"त्यांच्या वाडीला आशाताई नेमायची आहे. आत्ता जी आहे ती खाली राहते, तिच्याकडे चार वाड्या. वर चढायला दीड तास. बाळंतीण अडली, पोर तापलं, तर ती पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. वाडीतलीच बाई घेऊ म्हणतात, पण दहावी पास पाहिजे. आणि त्या सात घरांत दहावीपर्यंत गेलेली ही एकटीच. मार्चला पास झाली तर जूनमध्ये अर्ज. नाहीतर ती जागा पुन्हा खालच्या गावाला."

श्रावणीचे डोळे लकाकले. पोरगी मनानं चांगलीच, फक्त तिचा उत्साह जरा आधी धावतो. जेवण व्हायच्या आत तिनं रत्नासाठी वेळापत्रक बनवलं, दुसऱ्या दिवशी चौकातून लॅमिनेशन करून आणलं, आणि मला फ्रीजवरून ओढून त्याच्याबरोबर पिशवीत टाकलं. मी म्हटलं, सुटलो बाबा बटाट्यांतून.

शनिवारी शाळा सुटल्यावर रत्ना आली. पंचवीसेक वर्षांची असेल. उन्हानं रापलेली, बोलताना आधी इकडेतिकडे बघणारी. मला हातात घेण्याआधी तिनं दोन्ही हात पदराला पुसले. माझ्यासाठी आजवर कुणी हात पुसले नव्हते.

"बाई, ह्ये मोडलं बिडलं तर?"

"मोडणार नाही. आणि मोडलं तर मोडू दे. तू अभ्यास कर."

"करती की. तुमी सांगाल तसं करती."

हे "तुमी सांगाल तसं" तिनं किती मनापासून म्हटलं होतं, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. मालिनीबाईंनाही नाही.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. रत्नानं मला घरातल्या पत्र्याच्या पेटीला चिकटवलं आणि शेजारी खिळ्याला वेळापत्रक अडकवलं. तिच्या सासूबाई, म्हणजे धोंडाबाई, वाकून माझ्याकडे बघू लागल्या.

"ह्यो काय खातो गं?"

"सेल खातो, आत्या."

"मंग बरा हाय. वैरण लागत न्हाई."

एवढं बोलून त्या शेरडांना पाला टाकायला गेल्या. मला मान नाही, पान नाही! मी मनात म्हटलं, थांबा म्हातारबाई, दाखवतो मी काय चीज आहे ती.

वेळापत्रकात पहाटे पाच ते सात हिरवा रंग होता. गणित. पहाटे डोकं ताजं असतं, असं श्रावणीनं खाली लिहिलंही होतं. खोटं नव्हे ते. पण वाडीवर पहाटे पाचला म्हशीची धार काढतात, हे भोरच्या फ्रीजला काय ठाऊक, आणि मला तरी काय ठाऊक! रत्नाला ठाऊक होतं. तरी तिनं धार सातला ढकलली, कारण बाईंनी लिहून दिलेलं, वर प्लास्टिक चढवून दिलेलं. देवाच्या फोटोपाशी लावावं असा तो कागद तिला वाटला.

मोरी नावाची म्हैस होती. पाच वाजले की गोठ्यातून तिचं सुरू व्हायचं. आधी नुसती फुरफुर, मग दावं ओढणं, मग हंबरडा. आत रत्ना कंदिलाजवळ वही घेऊन बसलेली आणि मी ऐटीत पंचवीस, चोवीस, तेवीस करत उतरतोय. एक डोळा वहीत, एक कान गोठ्यात. दोन दिवस मोरीनं सोसलं. तिसऱ्या दिवशी सातला रत्ना चरवी घेऊन बसली तर मोरीनं पान्हा आखडला. रत्नानं पाठीवरून हात फिरवला, खायला अंबोण दिलं, रेडकू आणून लावलं. मोरी ढिम्म. पुढं पुढं तर तिनं असं तोंड फिरवलं, जशी काही सासरी रुसलेली नवी नवरी.

रत्नाचा नवरा सोमनाथ मोटरसायकलवर दुधाची किटली बांधून विंझरला नेतो. खाली दुधाची गाडी येते, ती कुणासाठी थांबत नाही. त्या आठवड्यात तीनदा गाडी चुकली आणि दूध परत आलं. आठव्या दिवशी सोमनाथनं अर्धी किटली हलवून बघितली आणि उगाच दोनदा झाकण लावलं.

रत्ना पेटीपाशी येऊन बसली आणि हमसून हमसून रडली. मग तिनं मला सोडवलं, फडक्यात गुंडाळलं, वर ते वेळापत्रक ठेवलं. शनिवारी बाईंना परत देणार होती. फडक्याच्या आत अंधारात मला पहिल्यांदा भीती वाटली. आता पुन्हा बटाटे, एवढीच ती भीती नव्हती. या बाईचं सगळं माझ्यामुळे बुडालं, असं मला वाटलं.

धोंडाबाईंनी ते गाठोडं पाहिलं.

"ह्ये कुठं निगालं?"

"परत देती, आत्या. मला न्हाई जमायचं. शिकायचं म्हंजी म्हस आटंल, आन् म्हस संबाळायची म्हंजी शिकणं आटंल."

"अगं येडे, म्हशीला तुज्या कागदाच्या मागं लावलीस, मंग ती आटंल न्हाई तर काय करंल? तिला वाचता येतंय व्हय? कागद म्हशीच्या मागं लाव की!"

"म्हंजी कसं?"

"म्हंजी असं, दुपारच्याला ढोरं पाण्यावर नेतीस. पाणी पिऊन बसत्यात का न्हाई हिरड्याखाली? तवा तू काय करतीस?"

"काय करती... बसती. डुलकी काडती."

"तीच येळ हाय तुजी. ढोरं बसली की तू बस. ढोरं उठली की ऊठ. ह्यो सेल खाणारा बी घे संगती, बसंल तिथं."

दुसऱ्या दिवसापासून धार पुन्हा पाचला गेली. मोरीनं दोन दिवस भाव खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी चरवी भरली. आणि मी रत्नाच्या पदराला बांधलेला डोंगरावर निघालो.

आता काय सांगू तुम्हाला! मी आजवर फ्रीज, टेबल आणि पेटी एवढंच पाहिलं होतं. तिथं समोर राजगड उभा, खाली पालीकडे जाणारी वाट, आणि झऱ्याच्या वर ते हिरड्याचं झाड. ढोरं पाणी प्यायली, सावलीत आली, एकेक करत गुडघे मुडपून बसली. शेरडंही टेकली. सगळ्यांची तोंडं चालू. रत्नानं मला दगडावर ठेवलं आणि पंचवीस मिनिटं लावली. ती झाली, मग पाच. पुन्हा पंचवीस. धोंडाबाई काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या. तिसरी पंचवीस सरायला आली आणि त्या म्हणाल्या, "आता उठतील." माझ्यावर बारा सेकंद उरले होते. मोरी उठली, अंग झाडलं, आणि मी वाजलो.

मला वाटलं योगायोग. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ऊन कमी होतं. धोंडाबाई दोन पंचविशींनंतरच म्हणाल्या, "आज लवकर," आणि ढोरं खरंच लवकर उठली. या बाईला बटण नाही, सेल नाही, आकडे शंभरच्या पुढे येत नाहीत. आणि अख्ख्या कळपाच्या पोटातला वेळ तिला बसल्या जागी कळतो. त्या दिवसापासून मी धोंडाबाईंच्या पायाशी ठेवला गेलो की गुमान राहतो.

अभ्यासाच्या बाबतीत त्यांची आणखी एक खोड होती. रत्ना वाचत सुटली की त्या टोकायच्या.

"किती चरतीस गं? ढोरं बघ की. चरली, आता गप बसून तेच पुन्यांदा तोंडात आणत्यात. तू रवंथ कवा करणार?"

रत्ना हसली, पण तिनं ते घेतलं. एक पंचवीस वाचायचं. दुसऱ्या पंचविशीत वही मिटायची आणि जे वाचलं ते काडीनं मातीत मांडायचं. जमलं नाही तर वही उघडून बघायचं, पुन्हा मिटायची. वर्गसमीकरणं, त्रिकोण, वर्तुळाच्या स्पर्शिका, सगळं त्या हिरड्याखालच्या मातीत उमटलं आणि संध्याकाळी शेरडांच्या खुरांखाली पुसलं गेलं. भोरमध्ये रंगीत कागदांवर जे झालं नाही ते इथं काडीनं होत होतं, आणि मी नुसता तोंड वासून बघत होतो.

जानेवारी आला. मालिनीबाईंनी शनिवारी सरावाची परीक्षा घ्यायची ठरवली. रिकामा वर्ग, रत्ना पहिल्या बाकावर, मी टेबलावर. दोन तास लावले. मला खात्री होती, ही आता सपासप सोडवणार. पहिले तीन प्रश्न तसेच गेले. चौथ्यात ती अडली आणि अडली ती अडलीच! खाडाखोड, पुन्हा मांडणी, पुन्हा खाडाखोड. मी एका तासावर आलो, अर्ध्या तासावर आलो. अगं पुढे जा ना बये, असं मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला मधे ओरडता येत नाही. शेवटी शून्यावर आलो. कागदावर साडेतीन प्रश्न.

"रत्ना, पुढचे प्रश्न सोपे होते गं! तुला येतात ते. हा सोडून पुढे का नाही गेलीस?"

"अर्धं कसं सोडू, बाई?"

"म्हणजे?"

"अर्धं टाकून उठायचं नस्तंय. म्हशीची कास अर्धी सोडली तर दूद आत ऱ्हातंय. कास दगडावानी हुतीया. जनावर तडफडतंय. धारंला बसलं की शेवटचा थेंब काडल्याबिगर उठायचं न्हाई, ह्ये लहानपनापासून आंगात हाय."

मालिनीबाई खुर्चीवर टेकल्या. "आठ वर्षांपूर्वी पण असंच झालं होतं का?"

रत्नानं मान खाली घातली. "तवा दुसऱ्याच परश्नाला बसली हुती. घंटा झाली तवा त्योच चालू हुता."

बघा, म्हणजे ही पोरगी गणितात कच्ची नव्हतीच. तिच्या हातांना जे चांगलं वळण लागलं होतं, तेच तिला नापास करत होतं. मालिनीबाईंनी परोपरीनं समजावलं. रत्ना "व्हय बाई, व्हय बाई" म्हणाली. पुढच्या शनिवारी पुन्हा चौथ्यावर अडली. त्याच्या पुढच्या शनिवारी सहाव्यावर. परीक्षेला सहा आठवडे उरले होते, आणि किती उरले हे मोजण्यात तर माझा हातखंडा. माझा जीव टांगणीला लागला होता.

मग ती दुपार आली. हिरड्याखाली ढोरं बसलेली, मी चालू, रत्ना मातीत आकृती काढतेय. धोंडाबाई झऱ्यावर तोंड धुवायला गेलेल्या. एक भुंडी शेळी तेवढ्यात कड्याच्या कपारीत चढली आणि अडकल्यासारखी ओरडू लागली. रत्ना काडी टाकून धावली. ही वर चढते, शेळी आणखी वर सरकते. इकडे बाकीच्या शेरडांनी बघितलं की राखण नाही. उठली, आणि थेट खालच्या बांधावरून शेजारच्या घरातल्या साळूबाईंच्या वालाच्या शेतात!

धोंडाबाईंनी काय आरडाओरडा केला! काठी घेऊन त्या वयात उतारावर पळाल्या. शेरडं हाकलून आणली तेव्हा त्यांचा श्वास पुरत नव्हता.

"आगं, आठ वर्स कळप राखलास आन् आज काय झालं तुला? येका शेरडापायी समदा कळप मोकळा सोडलास?"

"अडकली हुती, आत्या..."

"अडकली म्हणून काय झालं? वराडू दे की तिला! कळप म्होरं घालायचा. शेरडू येकटं म्हागं ऱ्हातं व्हय? कळप लांब गेला की आपसूक उतरून पळत येतंय. न्हाईच आलं तर समद्यास्नी घरच्या वाड्यात कोंडून मंग त्याला आणाया जायचं. ह्ये काय तुला आज सांगायला पायजे?"

रत्ना उभीच राहिली. भुंडी शेळी तोवर खरंच आपली आपण उतरून आली होती आणि रत्नाचा पदर चावत होती. रत्ना एकदा मातीतल्या आकृतीकडे बघे, एकदा शेळीकडे. आणि मग ती अशी हसायला लागली की धोंडाबाईंना वाटलं पोरीला उन्हाची चक्कर आली.

"आत्या! मी गणितास्नी म्हशी समजत हुती. ती म्हशी न्हाईत, शेरडं हायत!"

"काय बोलतीस?"

"काय न्हाई. तुमी लई शान्या हायसा."

पुढच्या शनिवारी दोन तास लावले. पाचव्यावर ती अडली. पेन थांबलं. तिच्या कपाळावर आठी आली, हात पुन्हा त्याच ओळीवर गेला. मी मनात म्हणत होतो, जा, जा, कळप पुढे घाल. तिनं त्या प्रश्नाशेजारी बारीकसं टिंब दिलं आणि पान उलटलं. माझ्यावर बावीस मिनिटं उरली असताना सगळे प्रश्न होऊन ती मागे आली, त्या टिंबापाशी. मालिनीबाईंनी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मला आत नेऊ देत नव्हते. मी बाहेर सोमनाथच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी, बंद. त्या दोन तासांत मला काहीच मोजता आलं नाही आणि मला ते फार जड गेलं. रत्ना बाहेर आली तेव्हा सोमनाथनं विचारलं, "कसं गेलं?"

"दोन शेरडं ऱ्हायली मागं. बाकीची समदी घरी आली."

सोमनाथला काही उलगडलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यानं गाडीला किक मारली.

निकाल लागला तेव्हा मालिनीबाईंनी सोमनाथला फोन केला. शंभरात एकावन्न! सोमनाथ विंझरहून पेढे घेऊन वर आला. धोंडाबाईंनी पेढा हातात धरून हिशोब केला. "शंभरात येकावन्न म्हंजी निम्म्याला येक वर. पुरं झालं की. उगा लई घिऊन काय करायचं?" आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. रत्ना आशाताई झाली. वेल्ह्याला शिकायला जाऊन आली. तिथं शिकवलेलं तिनं सवयीनं हिरड्याखाली काडीनं मांडून पुन्हा घोकलं.

इथवर मला वाटत होतं की माझं काम संपलं.

थंडीत शेजारच्या घरातली प्रगती बाळंत झाली. पहिलं मूल, मुलगा. रत्ना ठरल्या दिवशी जाऊन बाळ बघायची. चौदाव्या दिवशी दुपारी गेली तर प्रगती म्हणाली, "सकाळधरनं पीत न्हाई ओ ताई." प्रगतीची सासू साळूबाई शेजारी बसलेल्या. "सर्दी हाय. ओवा शेकला की उतरंल."

रत्नानं बाळाचं अंगडं वर केलं. पिशवीतून मला काढलं. आशाताईंना मिळतं ते सरकारी घड्याळ अजून यायचं होतं. तिनं मला पंचवीस दिले नाहीत, दोन तास दिले नाहीत. एक मिनिट लावलं आणि बाळाच्या छातीवर नजर ठेवली.

एक मिनिट! मी आजवर इतकं थोडं कधी मोजलं नव्हतं. अंड्यालासुद्धा आठ लागतात. मी उतरायला लागलो आणि मला ती छाती दिसली. मुठीएवढी. वर, खाली, वर, खाली. प्रत्येक श्वासाला रत्नाचे ओठ हलत होते. माझ्या एका सेकंदात कधी एक श्वास, कधी त्याच्याही पुढे. मी पन्नास, चाळीस, तीस करत उतरतोय आणि ते एवढंसं पोर माझ्यापेक्षा जोरात धावतंय. मला तर त्याच्यामागे जाताना धाप लागली. एका मिनिटात एवढं काही मावतं, हे मला तोवर कुणी दाखवलंच नव्हतं.

मी वाजलो. "अडुसष्ट," रत्ना म्हणाली. तिनं लगेच मला पुन्हा लावलं, कारण साठच्या वर गेलं तर दुसऱ्यांदा मोजायचं असं शिकवलं होतं. सहासष्ट.

"साळूआत्या, वेल्ह्याला न्यायचं. दवाखान्यात."

"उद्या जाऊ. आज मंगळवार हाय, बाळ बाहेर काडत न्हाईत."

रत्नाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "उद्या न्हाई! आता. ह्या घडीला. मंगळवाराला काय व्हायचं त्ये माज्यावर येऊ दे."

सोमनाथची मोटरसायकल, मागे प्रगती बाळाला छातीशी बांधून, खाली विंझरला ॲम्ब्युलन्स, तिथून वेल्हे. रत्ना वाटेनं धावत उतरली, मी तिच्या पिशवीत आदळत. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया आहे. सहा दिवस बाळ दवाखान्यात होतं.

आज माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. सुरूचं बटण आत बसलंय, ते नखानं उचलावं लागतं. सरकारी घड्याळ आलं, चांगलं आहे बिचारं, पण रत्ना मलाही पिशवीत ठेवते. आठवड्यातून तीन दिवस ती वाड्या फिरते, बाकीचे दिवस ढोरांमागे जाते. तिथं आता बारावीची पुस्तकं आली आहेत. तुमच्या घरी माझं एखादं भावंड फ्रीजला चिकटून पडलं असेल तर त्याला एकदा हातात घ्या. वेळापत्रक कसंही असो, आधी घरातलं कोण कधी बसतं, कधी उठतं ते बघा, आणि मग आकडा लावा. माझी एवढीच विनंती.

आणि एक राहिलं. बाळ दवाखान्यातून परत आलं त्या दिवशी रत्नानं श्वास मोजले. त्रेचाळीस. सगळं ठीक होतं. ती मला पिशवीत टाकणार तेवढ्यात साळूबाई म्हणाल्या, "रत्ने, पुन्यांदा लाव की."

"कशाला, आत्या? बरं हाय त्ये."

"बरं हाय म्हणूनच. लाव."

रत्नानं लावलं. प्रगती, साळूबाई, धोंडाबाई, दारात सोमनाथ. कुणीच मोजत नव्हतं. चार माणसं आणि रत्ना, सगळी आपापली कामं टाकून झोपलेल्या बाळाची वरखाली होणारी छाती बघत बसली होती. बाहेर मोरी धारेसाठी हंबरत होती, तरी कुणी उठलं नाही. मी उतरत होतो. मला थांबता येत नाही, तशी माझी घडणच नाही. पण माझ्या हातात असतं ना, तर त्या दिवशी मी वाजलोच नसतो.